पाठीमागचा रस्ता दाखविणारे हेल्मेट : सुरक्षिततेचा जमाखर्च
(ट्रस्टच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



यंदा एका देणगीदारांनी आमच्यापुढे एक सूचना ठेवली. रात्रपाळीसाठी दुचाकीवरून ये-जा करणाऱ्या आमच्या कर्मचाऱ्यांना पाठीमागचा रस्ता दाखविणारी आधुनिक हेल्मेट घेऊन द्यावीत, खर्च आपण सोसू, असे त्यांचे म्हणणे होते. सूचनेमागील कळकळ मोलाची आहे. तथापि दानाचा पैसा हा समाजाचा पैसा. तो खर्ची पडण्यापूर्वी या साधनाने सुरक्षितता खरोखर वाढते काय, हे तपासणे आमचे कर्तव्य होते. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. म्हणून जमेच्या व खर्चाच्या अशा दोन्ही बाजू आपणापुढे मांडतो.

अशी हेल्मेट दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात हेल्मेटच्या आतच परावर्तक बसवून मागील दृश्य कपाळाच्या वरच्या बाजूस आणले जाते. ब्रिटनमधील 'रीवू' हे त्याचे उदाहरण. दुसऱ्या प्रकारात मागे कॅमेरा आणि डोळ्यासमोर छोटा पडदा असतो. अमेरिकेतील 'स्कली' कंपनीने २०१४ साली अशा हेल्मेटसाठी लोकांकडून सुमारे २४ लाख डॉलर आगाऊ जमविले. परंतु २०१६ मध्ये ती कंपनी बंद पडली आणि बहुसंख्य ग्राहकांच्या हाती हेल्मेट आलेच नाही.

आता जमेची बाजू. दुचाकीचे आरसे इंजिनाच्या कंपाने थरथरतात, त्यांत निम्मा भाग स्वतःच्या कोपराचाच दिसतो. बहिर्वक्र आरशात मागील वाहन प्रत्यक्षाहून दूर भासते. मान वळवून पाहावे, तर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे गेलेली असते. अशा वेळी मान न वळविता मागचे दिसले, तर लेन बदलताना वा उजवीकडे वळताना साहाय्य होईल, हे उघड आहे. शिवाय केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार आपल्या देशात मागून धडक बसण्याच्या अपघातांचा वाटा सुमारे एक पंचमांश आहे. म्हणून हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

खर्चाची बाजू मात्र अधिक भारी आहे. धोका येतो कोठून, हा पहिला प्रश्न. अमेरिकेत प्रा. हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातील ९०० हून अधिक दुचाकी अपघातांची प्रत्यक्ष जागेवर तपासणी केली. १९८१ च्या त्यांच्या अहवालानुसार तीन चतुर्थांशांहून अधिक धोके स्वाराच्या समोर, डाव्या-उजव्या बाजूंच्या ४५ अंशांच्या आतच होते आणि ते टाळण्यासाठी त्याला जेमतेम दोन सेकंद मिळत. युरोपातील पाच देशांत १९९९-२००० मध्ये ९२१ अपघातांचा अभ्यास झाला. तेथेही सुमारे ९० टक्के धोके समोरच आढळले. आपले रस्ते निराळे आहेत, हे मान्य. पण सिग्नलपाशी वाहनांच्या गर्दीत उभ्या असलेल्या स्वाराला मागून येणारा ट्रक दिसला, तरी तो हलणार कोठे? तेथे ट्रकचालकाला आपण दिसणे अधिक महत्त्वाचे. त्यासाठी मागचा दिवा चालू हवा आणि अंगावर चमकणारी पट्टी हवी.

दुसरा प्रश्न अवधानाचा. विमानाच्या वैमानिकासमोर माहितीचा पडदा आणला, तेव्हा १९८० साली 'नासा'च्या एका कृत्रिम उड्डाण-प्रयोगात काही अनुभवी वैमानिकांना धावपट्टीवर आडवे आलेले विमानच दिसले नाही. डोळा समोर असतो, पण मन पडद्यात गुंतते. समोरच्या खड्ड्याकडे पाहायच्या दोन सेकंदांत मागचे चित्र न्याहाळणे परवडणारे नाही. तिसरी गोष्ट अशी, की कवटी वाचविते ते हेल्मेटमधील थर्मोकोलसारखे जाड अस्तर. आरसा वा कॅमेरा त्याची जागा घेणार असेल, तर त्या हेल्मेटने आघाताची प्रमाणित चाचणी पार केलेलीच असली पाहिजे.

याउलट साध्या हेल्मेटचा लाभ सिद्ध झालेला आहे. २००८ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार हेल्मेटमुळे अपघातग्रस्त स्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो. तरीही २०२२ साली आपल्या देशात दुचाकीवरील ७४,८९७ व्यक्ती रस्त्यावर मृत्युमुखी पडल्या. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती, आणि त्यांपैकी १४,३३७ मागे बसलेले होते. डोके उघडे असताना पाठीमागचे दर्शन घडविण्यात काय अर्थ?

ही दोन्ही अंगे आम्ही देणगीदारांपुढे ठेवली आणि त्यांनी मोठ्या मनाने आपली सूचना बदलली. त्या रकमेतून दुचाकी वापरणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्यास आयएसआय चिन्हांकित दोन हेल्मेट देण्यात येतील. एक चालविणाऱ्यासाठी आणि एक मागे बसणाऱ्यासाठी. सोबत चमकणारी पट्टी असलेले जाकीट मिळेल. वाहनतळावर महिन्यातून एकदा दोन्ही आरसे, मागचा दिवा आणि हेल्मेटचा पट्टा यांची तपासणी होईल. हनुवटीखाली न बांधलेले हेल्मेट डोक्यावर असूनही नसल्यासारखेच असते, हे कृपया ध्यानात घ्यावे. तसेच अपघात विभागाच्या नोंदवहीत हेल्मेट होते काय आणि धडक समोरून बसली की मागून, असे दोन रकाने वाढविण्यात येत आहेत.

नव्या साधनाला आमचा विरोध नाही. प्रमाणित चाचणी पार करून, समोरची नजर न ढळविता मागचे दाखविणारे हेल्मेट माफक किमतीत आले, तर याच सभेत त्याचा पुनर्विचार अवश्य करू. तोवर रात्रपाळी संपवून निघालेला प्रत्येक सहकारी सुखरूप घरी पोहोचावा, एवढेच मागणे.