संकटांत पुढें, दामांत मागें
(एका सभेंत झालेलें भाषण)



सन १८९७ सालीं पुण्यांत प्लेगचा कहर चालू होता. धडधाकट माणसें गांव सोडून पळत होतीं. सावित्रीबाई फुले मात्र रोग्यांसाठीं पुढें सरल्या. चिरंजीव डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यांत रोगी नेतां नेतां त्यांना प्लेग झाला व १० मार्च रोजीं त्या गेल्या. पुढारीपण कशास म्हणतात हें त्यांनीं करून दाखविलें.

पुढें २०२० सालीं करोना आला. मोठमोठे लोक दारें लावून बसले, तेव्हां खेडोपाडीं घरोघर कोण फिरलें? आशाबाई! ताप पाहणें, परगांवाहून आलेल्यांची यादी करणें, वर लोकांच्या शिव्या खाणें, हें सारें तिच्या वांट्यास. या जादा कामाचे केंद्र सरकारनें ठरविले महिना १००० रुपये. दिवसाचे सुमारें ३३! कां? तर म्हणे ती नोकर नव्हे, स्वयंसेविका. सेवा म्हटलें कीं दाम बुडविण्यास पुण्याचें पांघरूण मिळतें!

जून २०२१ मध्यें महाराष्ट्रांतील सुमारें ७०,००० आशांनीं काम थांबविलें, तेव्हां कोठें मानधन वाढलें. मे २०२२ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें देशांतील आशांचा गौरव केला. छान झालें, पण वाणी गौरवावर ज्वारी देत नाहीं.

म्हणून मागणें दोनच: ‘स्वयंसेविका’ खोडून ‘कामगार’ लिहा, आणि रोगराईचे हुकूम जेथें ठरतात, तेथें दारोदार फिरणारीस खुर्ची द्या. सावित्रीबाईंच्या तसबिरीस हार त्यानंतर घाला.