चेटूक आणि देवाचा निवाडा

चेटकिणीला जिवंत ठेवू नये अशी आज्ञा बायबलात, निर्गमाच्या २२ व्या अध्यायात आहे. मॅसॅच्युसेट्सच्या १६४१ च्या कायद्याने हिचाच आधार घेतला. तिथेच सेलम गावी १६९२ साली १९ जण फासावर गेले.

आता तालमुदातले ज्यू पंडित पाहा. त्यांचा पहिला प्रश्न असा, की कृत्य खरे की नुसती नजरबंदी? नजरबंदी निषिद्धच, पण तिला देहदंड नाही. आणि गंमत म्हणजे दोघे रब्बी सृष्टिरचनेच्या गूढ विद्येने शब्बाथाच्या आदल्या दिवशी वासरू निर्माण करून खात, त्याला चक्क मुभा!

नव्या करारात पौलाच्या तोंडून देवाचा निवाडा येतो नि अलीम जादूगार आंधळा होतो, तोही काही काळापुरताच.

सेलमच्या न्यायाधीशांपैकी सॅम्युअल स्यूअल १६९७ साली भर चर्चमध्ये उभा राहिला, आणि त्याच्या दोषाची कबुली पाद्र्याने सर्वांसमक्ष वाचली.