राउटर टेबल : लाकूड उजवीकडून डावीकडे


बीदरच्या किल्ल्यातल्या रंगीन महालाचं लाकडी कोरीवकाम हातानं घडलं. आज कडांची नक्षी राउटर टेबलावर झटपट निघते. कोळारच्या सुतारबांधवांनो, या यंत्राचा एक नियम पक्का धरा. लाकूड उजवीकडून डावीकडे सरकवायचं.

कारण साधं आहे. टेबलातून वर आलेलं बिट घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतं. आपल्याकडची धार उजवीकडे धावते. लाकूड डावीकडे सरकवलं, की धार त्याला फेन्सकडे, म्हणजे मागच्या आधारपट्टीकडे ओढते. काप सरळ येतो. उलट सरकवलं, तर धार लाकूड हिसकावते. मागोमाग बोटंही जातात. काही कारागीर म्हणतात, उलट दिशेनं कड गुळगुळीत येते, चिरफळ्या निघत नाहीत. ते खोटं नाही. पण तीच सफाई सुरक्षित वाटेनंही मिळते. खोल खाच एका दमात काढू नका. २-३ फेऱ्या घ्या. शेवटची फेरी अगदी हलकी ठेवा. कुणी म्हणेल, हात सरावलेला आहे. पण लाकडातली गाठ सराव बघत नाही. म्हणून ढकलपट्टी वापरा. बिट आणि फेन्स यांच्या मधून लाकूड कधीच नेऊ नका.

बिट बदलण्याआधी प्लग काढा. बिटाचा दांडा कोलेटच्या, म्हणजे त्याला धरणाऱ्या पकडीच्या, तळाला टेकवू नका, किंचित वर घेऊन आवळा. चष्मा लावा. हातमोजे आणि सैल बाह्या नकोत. आधी टाकाऊ तुकड्यावर माप तपासा.

पुन्हा सांगतो. लाकूड उजवीकडून डावीकडे. आपल्या शिकाऊ मुलांनाही पहिल्याच दिवशी हे शिकवा.