कागद जपा, हक्क जपा



२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे आपल्या मुलांनाही पाठ आहे. पण पुढची दहा वर्षे चाललेला कोर्टाचा लढा किती जणांना ठाऊक आहे? त्याच वर्षी डिसेंबरात सनातन्यांनी दिवाणी दावा लावला. प्रतिवादींत बाबासाहेब होते. महाड, ठाणे आणि शेवटी मुंबई हायकोर्ट! १७ मार्च १९३७ ला निकाल आपल्या बाजूने लागला. अस्पृश्यांना मनाई करण्याची वहिवाट अनादी काळाची आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही. सत्याग्रहाने तळे गाठले, पुराव्याने ते राखले.

आम्ही बँकेत काउंटरवर बसतो. मजुरी बुडाली, कामावरून काढले, असे सांगणारी माणसे भेटतात. पण हातात ना नेमणूकपत्र, ना हजेरीची नोंद. म्हणून बंधूंनो, तक्रार लेखी द्या, तारीख टाका, पोच घ्या, प्रत जपा. गैरव्यवहार उघड करणाऱ्यानेही आधी कागद मिळवावा. २००५ चा माहिती अधिकार कायदा त्यासाठीच आहे.

फी नाही म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जातींना आणि महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. बुलडाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यातून वकील घडावेत, एवढीच अपेक्षा व्यक्त करून आम्ही आमचे दोन शब्द संपवितो. जयभीम! नमो बुद्धाय!