माहिती वर जाते. खाली काय येतं?

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



विकसनशील देशांत डिजिटल आरोग्यतंत्रज्ञान रुजताना काय अडचणी येतात, हा आजचा विषय. त्यात मी आपल्याच राज्यातल्या एका घटनेतून शिरणार आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभरच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल बालविकास प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. अनेकांना तो तंत्रज्ञानाला झालेला विरोध वाटला. मला तसं वाटत नाही.

ते फोन २०१९ मध्ये दिलेले, दोन जीबी रॅमचे. ते तापायचे, हँग व्हायचे, स्टोरेज भरून जायचं. दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या पदरचा, आणि तिचं मानधन त्या वेळी आठ हजारांच्या पुढेमागे. त्यातच मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारचं 'पोषण ट्रॅकर' हे नवं ॲप आलं आणि आधीचं ॲप बंद झालं. नव्या ॲपमध्ये माहिती इंग्रजीतून भरायची होती. ज्या बाईने वर्षानुवर्षं मराठीत रजिस्टरं लिहिली, गावातलं प्रत्येक मूल जिला नावानिशी ठाऊक, तिने त्या मुलांच्या नावांची इंग्रजी स्पेलिंगं जुळवत बसायचं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. पुढे ॲपमध्ये मराठी आली. चांगला फोन मिळावा ही मागणी मात्र फेब्रुवारी २०२३ च्या संपातही होती.

आता भाषा, रेंज, रिचार्ज, फोनचा दर्जा या अडचणी खऱ्याच आहेत. मेळघाटात किंवा भामरागडमध्ये रेंजसाठी टेकडी चढणाऱ्या बाईला त्या किरकोळ आहेत असं सांगायची माझी हिंमत नाही. पण पैसे आणि इच्छा असेल तर त्या सुटतात. माझी काळजी वेगळी आहे. सेविका मुलाचं वजन करते, उंची मोजते, आकडे ॲपमध्ये भरते. मूल तीव्र कुपोषित आहे की मध्यम, हे ॲप लगेच दाखवतं. पूर्वी त्यासाठी तक्त्यात बोट फिरवत बसावं लागे. ही सोय मोठी आहे, तिचं श्रेय दिलंच पाहिजे. पण त्यानंतर काय? आकडा जिल्ह्याला जातो, मुंबईला जातो, दिल्लीच्या डॅशबोर्डवर दिसतो. सेविकेकडे परत येतो तो बहुधा एक प्रश्न : अमुक इतक्या नोंदी बाकी का? तिने नोंदवलेल्या तीव्र कुपोषित मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात खाट मिळाली का, त्याच्या आईची बुडालेली मजुरी कोण देणार, हे त्या पडद्यावर उमटत नाही.

याउलट मला गडचिरोलीचं एक साधन आठवतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने पूर्वी बालकांच्या न्यूमोनियावर गावातच उपचार करायचं ठरवलं. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला किती श्वास होतात हे मोजावं लागतं. दोन महिन्यांखालच्या बाळाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे धोका. पण गावातल्या सुईणींना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं, आणि घड्याळही वाचता येत नव्हतं. मग त्यांच्यासाठी श्वासमोजणीचं एक साधं यंत्र केलं गेलं. एक मिनिटाची वाळूची घटिका आणि शेजारी ओळीने मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. त्यात वीज नाही, रेंज नाही, पासवर्ड नाही. पण माझ्या मते त्याचं मोठेपण साधेपणात नाही. मणी सरकवणारी बाईच निदान करत होती आणि औषधही त्याच घरात, त्याच दिवशी सुरू होत होतं. माहिती जिथे जन्मली तिथेच कामाला आली.

हाच विचार दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट संपल्यावर, १९९४ नंतर, केपटाउनमधल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी आणि संशोधकांनी मांडला. आकडे जिथे गोळा होतात, त्या दवाखान्यातच ते आधी वापरले जावेत, हे त्यांचं सूत्र. ऑस्लो विद्यापीठाच्या साथीने त्यातून एक मुक्त संगणकप्रणाली वाढली. डीएचआयएस-२ नावाने ती आज आफ्रिका-आशियातल्या कितीतरी देशांत चालते. पण प्रणाली पोचली म्हणून सूत्र पोचलं असं होत नाही. कित्येक ठिकाणी तीच प्रणाली वरच्या कार्यालयाला अहवाल पाठवण्यापुरती उरते.

युगांडाचं उदाहरण तर प्रत्येक आरोग्य सचिवाने वाचावं. मोबाइलवरून आरोग्यसेवा देण्याचे तिथे इतके प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले, की एकाच जिल्ह्यात वेगवेगळ्या देणगीदारांची ॲपं शेजारी शेजारी चालू लागली. एकाचं दुसऱ्याशी बोलणं नाही. देणगी संपली की प्रकल्प संपे. अखेर जानेवारी २०१२ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने नवे प्रकल्प सरसकट थांबवले : आधी सरकारी यंत्रणेशी जुळवून घ्या, मगच पुढे जा. गरीब देशाने श्रीमंत देणगीदारांना 'थांबा' म्हणणं सोपं नसतं. ती हिंमत मला महत्त्वाची वाटते.

आपल्याकडे देणगीदारांपेक्षा सरकारचाच उत्साह मोठा आहे. १ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांना कोविडची लस 'कोविन' या संकेतस्थळावर नाव नोंदवूनच मिळू लागली. ते सुरुवातीला इंग्रजीत होतं. या सभागृहातल्या अनेकांना आठवत असेल, शहरातली तरुण मंडळी गाड्या काढून पालघर-रायगडच्या ग्रामीण केंद्रांवर गेली, कारण वेळ त्यांनी आधी पटकावलेली होती. त्या गावच्या लोकांना आपल्याच गावात लस मिळेना. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्याच्या अखेरीस या डिजिटल दरीवर बोट ठेवलं, आणि थेट केंद्रावर नोंदणीची सोयही झाली. म्हणजे चूक दुरुस्त होऊ शकते. पण तोवर पुढे गेलेले पुढे गेले.

हेच आता आहाराच्या बाबतीत होताना मला दिसतं. १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीचा घरपोच आहार देताना लाभार्थीचा चेहरा ॲपशी जुळवणं सक्तीचं झालं. त्यासाठी आधी आधारची पडताळणी, त्याचा ओटीपी. घरात फोन एक, तो नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा कामावर. बीड जिल्ह्यातली ऊसतोडणीची कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांच्या वाटेला लागतात. ज्या गरोदर बाईला आहार सर्वांत गरजेचा, तीच त्या वेळी पालावर असते. गैरव्यवहार थांबावा हा हेतू योग्यच आहे. पण संशयाचा भार धान्य पुरवणाऱ्या कंत्राटदारावर न पडता भुकेल्या बाईवर का पडावा? चेहरा जुळला नाही तर तिने कुठे जायचं, हे आधी ठरायला हवं होतं.

'ई-संजीवनी'बद्दल मात्र मला आशा आहे. उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला शेजारी बसवून पडद्यावर डॉक्टरांशी जोडून देतो. जिथे डॉक्टर महिनोन्‌महिने फिरकत नाही, तिथे मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या माणसाची यामुळे खरी सोय होते. अट एकच, डॉक्टरांनी लिहिलेली गोळी उपकेंद्राच्या कपाटात असली पाहिजे. ती नसेल तर सल्ल्याचा आकडा वाढतो आणि माणूस बसने तालुक्यालाच जातो. चौदा अंकी 'आभा' या आरोग्य-ओळख क्रमांकाचंही तेच. जुने कागद हरवलेल्या रुग्णाला तो उपयोगाचा आहे, पण केसपेपर काढायच्या रांगेत घाईने दिलेल्या ओटीपीला मी संमती म्हणणार नाही.

शेवटी एक सूचना. गावोगावी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे. तिला वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत अबंधित निधी मिळतो. या समितीच्या बैठकीत दर महिन्याला 'पोषण ट्रॅकर'मधली आपल्या गावाची माहिती सेविकेने मांडावी : या महिन्यात वजन न वाढलेली मुलं किती, त्यांना काय मिळालं, काय मिळालं नाही. मुलांची नावं सभेत घ्यायची गरज नाही. त्यासाठी ॲपमध्ये मराठीत एका पानाचा गाव-अहवाल निघायला हवा, आणि बैठकीत ठरलेलं काम झालं की नाही याची नोंद त्याच पानावर यायला हवी. हे करायला नवं ॲप लागत नाही, आहे त्यातच एक बटण वाढवावं लागेल. इथे बसलेल्यांपैकी ज्यांची मुळं गावात आहेत, ज्यांचे नातेवाईक ग्रामपंचायतीत आहेत, त्यांनी मे महिन्यात गावी गेल्यावर ही समिती शेवटची कधी भरली एवढं विचारून यावं, आणि भरत नसेल तर तसं लेखी कळवावं. मी ती पत्रं एकत्र करून आरोग्य आणि महिला व बालविकास या दोन्ही विभागांना नेऊन देईन.