सड्यावर पाऊल जपून ठेवा



 आंबोलीत ऐन पावसाळ्यात निसर्गप्रेमींचे संमेलन कशाला, असे काहींनी विचारले. पण आमचे गाव पाहायचे ते पावसातच. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणाऱ्या या पावसावरच इथला जीव न् जीव पोसला जातो.

पर्यटक धबधबा पाहतात, धुके पाहतात आणि परततात. पायाखालचा जांभ्याचा सडा मात्र बघायचा राहून जातो. उन्हाळ्यात हा कातळ भकास दिसतो. कागदोपत्री अशा जमिनीला पडीकच म्हणतात. पण पाऊस सुरू झाला की त्याच्या खळग्यांत बोटभर पाणी साचते आणि तेवढ्या पाण्यात आंबोली टोड हा बेडूक अंडी घालतो. पाणी आटायच्या आत त्याच्या पिल्लांना पाय फुटून कातळावर यावे लागते. हौस म्हणून कोणी सड्यावर गाडी फिरवली, तर चाकाखाली अख्खी वीण चिरडते. २००९ साली शास्त्राला ठाऊक झालेला हा जीव अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहे. या जमिनीला पडीक म्हणणे मला तरी मान्य नाही.

हिरण्यकेशीच्या उगमाशी देवळाचे कुंड आहे, तिथेही अवश्य जा. अरबी समुद्र इतका जवळ असून ही नदी पूर्वेकडे वळते आणि घटप्रभेला मिळते. याच कुंडातला बोटाहून आखूड मासा २०२० मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंदवला गेला. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हात जोडत आलो ते हे पाणी. २०२१ मध्ये शासनाने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली.

यजमान म्हणून थोडे हक्काने सांगतो. रात्री बॅटरी घेऊन फिराल, तेव्हा फोटोसाठी चापडा सापाला काठीने हलवू नका, बेडूक फांदीवरून उचलू नका. अंधार पडल्यावर घाटात गाडी सावकाश चालवा. ओल्या रस्त्यावर चिरडलेले बेडूक आणि साप आम्हाला रोज सकाळी दिसतात. आणि जे शोधाल, ते आमच्या शाळेतल्या मुलांना मराठीतून सांगायला पुन्हा या. हे सडे उद्या त्यांनाच राखायचे आहेत.