खगोलशास्त्राचे शिक्षण आणि आपली मुले
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, लोहा येथे झालेले भाषण)



आपल्या मंडळाची शिष्यवृत्ती आजवर वैद्यकी व इंजिनिअरिंग या दोनच शिक्षणक्रमांस मिळत आली. यंदा एका कन्येचा अर्ज खगोलशास्त्र व डेटा सायन्स या जोडविषयाच्या एम.एस्सी.साठी आला, आणि 'नक्षत्रे मोजून पोट भरते काय?' असा प्रश्न कार्यकारिणीत निघाला. त्यास उत्तर देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हे फलज्योतिष नव्हे, हे प्रथम सांगितले पाहिजे. (आमच्याकडे पत्रिका घेऊन येणारे अद्यापि आहेत!) आजचा खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणीपुढे थोडा आणि संगणकापुढे फार बसतो. यंत्रे अहोरात्र आकडे साठवितात. त्या राशीतून अर्थाचा कण वेचणे हेच खरे काम.

माळेगावच्या यात्रेत चुकलेल्या लेकराची हाक आईला कशी ऐकू येते? तो आवाज तिच्या कानांत आधीच ठसलेला असतो म्हणून. गुरुत्वीय लहरींचा शोध अगदी असाच लागतो. दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत आदळली तर लहर कशी उमटेल, याचे असंख्य नमुने गणिताने आधी काढावयाचे, आणि यंत्रातील गोंगाटाशी ते ताडून पाहावयाचे. या पद्धतीवर पुण्याच्या आयुकातील प्रा. संजीव धुरंधर व त्यांच्या सहकाऱ्यांनी लहर सापडण्याच्या सुमारे दोन तपे आधी पायाभूत काम केले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन यंत्रांनी ती टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आलेला तो संकेत सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याइतका टिकला, आणि ४ किलोमीटर लांबीच्या भुजेत त्याने घडविलेला फरक प्रोटॉनच्या रुंदीच्या शतांशाहूनही कमी होता!

तसेच यंत्र आपल्या शेजारी, हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ व्हावयाचे आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. नांदेड, वसमत करीत आपण नागनाथाच्या दर्शनास जातो, तीच वाट. त्या वाटेने आपली मुले केवळ यंत्र पाहावयास जाणार, की त्यातील आकडे वाचावयास?

आता पोटाचा प्रश्न. संशोधनातील जागा थोड्या आहेत, हे आम्ही लपवीत नाही. परंतु गोंगाटातून खरा संकेत निवडणारा पदवीधर बँकेस, विमा कंपनीस, हवामान खात्यासही हवा असतो. मात्र नुसती हौस चालत नाही. बी.एस्सी.ला पदार्थविज्ञान व गणित पक्के हवे, संख्याशास्त्र आणि संगणकाची आज्ञावली लिहिणे यांची सवय हवी. इंदूरच्या आय.आय.टी.त खगोलशास्त्राचे एम.एस्सी. आहे, तेथे जाण्यासाठी जॅम ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. तिची तयारी पदवीच्या दुसऱ्या वर्षीच आरंभावी, शेवटच्या वर्षी धावपळ करून भागत नाही.

सदर कन्येचे पदवीचे गुणपत्रक आम्ही स्वतः पाहिले आहे. तिचा अर्ज मंजूर करून वसतिगृहाचा निम्मा खर्च मंडळाने उचलावा, अशी सूचना आम्ही मांडीत आहो. अनुमोदन सभेतून यावे.